संकीर्ण फाईल

“मी तुम्हाला रायपेठला जायला सांगितलं होतं. चिठ्ठी दिली होती हातात. गेला होता का नाही?”

माझा आवाज चढला होता. बाहेर बाकांवर बसलेल्यांची कुजबुज एकदम थांबली, ते मला आत बसून कळलं. समोर स्टुलावर चंद्रकलाबाई ढाकणे पदर आवळून बसल्या होत्या. वय चव्वेचाळीस. गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. सात आठवड्यांपूर्वी स्तनातली गाठ घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा गाठ लिंबाएवढी होती. मी तुकडा काढून तपासायला दिला, रिपोर्ट कॅन्सरचा आला, आणि मी त्यांना रायपेठच्या धर्मादाय कॅन्सर रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. आज गाठ दीडपट झाली होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

“गेलतो की सायेब,” त्या खाली बघत म्हणाल्या. “दोन बारीला गेलतो.”

“मग उपचार का नाही सुरू झाले?”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. आश्रुबा ढाकणे दाराशी उभे होते. जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर कामाला होते. तळहाताच्या रेघांत ग्रीस कायमचं बसलेलं. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद जपून काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“पहिल्या बारीला खिडकीवरच्या बाई म्हनल्या, ब्लॉक आना. म्या ब्लॉकला गेलो. चार चकरा झाल्या. बीडीओ सायेब दौऱ्यावर व्हते. मग ह्ये भेटलं. ह्ये घिऊन गेलो, तर म्हनल्या, ह्ये नव्हं. ब्लॉक आना.”

कागद म्हणजे पंचायत समितीचा गोल शिक्का मारलेला रहिवासी दाखला होता.

आमच्याकडे ब्लॉक म्हणजे पंचायत समितीचं ऑफिस. रायपेठच्या खिडकीवर मागितलेला ब्लॉक म्हणजे तपासलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरूनच होतात. चंद्रकलाबाईंचा ठोकळा आमच्याच इमारतीत होता, माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर, लॅबच्या कपाटात.

ही गोष्ट २००६च्या जानेवारीतली. मी तेव्हा देवसरच्या जिल्हा रुग्णालयात सर्जन होतो आणि हाताला यश असलेला सर्जन म्हणून आसपासच्या चार तालुक्यांत माझं नाव होतं. ते मला पुरेपूर ठाऊक होतं.

मी फोन उचलला आणि रायपेठचा नंबर फिरवला. तीनदा फिरवला. कुणी उचलला नाही. रिसीव्हर आपटून मी म्हणालो, “बघा, सिस्टर. असं आहे तिथं. ह्यांना माणसाची किंमत नाही.”

सोनकांबळे सिस्टर माझ्या ओपीडीत अकरा वर्षं होत्या. बोलणं मोजकं, आवाज कधी वर गेलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी ढाकणे नवरा-बायकोला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला.

“हे काय?”

“रजेचा अर्ज, सर. मंगळवारची एक दिवसाची किरकोळ रजा लिहा. मंगळवारी तुम्ही ह्यांच्याबरोबर रायपेठला जा.”

“मी?”

“डॉक्टर म्हणून नका जाऊ. बाईंचा भाऊ म्हणून जा. एसटीनं.”

“सिस्टर, माझी साठ पेशंटची ओपीडी असते.”

“ती होईल. पण आपण नऊ वर्षं चिठ्ठ्या देतोय. तिथं नेमकं काय होतं ते आपल्यापैकी एकानंही बघितलेलं नाही. मी गेले तर परत येऊन तुम्हाला सांगणार, आणि तुम्ही म्हणणार, ह्यांना माणसाची किंमत नाही.”

मला राग आला. तरी मी अर्ज लिहिला. खरं सांगायचं तर मनात होतं की रायपेठवाल्यांचा ढिसाळपणा एकदा डोळ्यांनी बघून यावा, म्हणजे वर लेखी तक्रार करता येईल.

मंगळवारी पहाटे साडेपाचच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. ठोकळा आणि काचपट्ट्या सिस्टरनी कापसात गुंडाळून एका डबीत घातल्या होत्या. ती डबी माझ्या शर्टाच्या खिशात होती. चंद्रकलाबाई खिडकीशी बसल्या. गाडी खड्ड्यातून गेली की त्या हात छातीशी धरायच्या. वेळ जावा म्हणून मी आश्रुबांना त्यांच्या कामाचं विचारलं.

“गावातनं निरोप येतो, पंप बंद हाय. मग आमची गाडी जाती. पाईप वर काढायचे, वायसर बदलायचं, परत सोडायचे. मग हापसायचं.”

“आणि मग?”

“मग सरपंचाची सही घ्यायची. पन पानी आल्याबिगर सही न्हाई. काही जण नुसता पंप जोडून सही घेत्यात. आमचा मुकादम तसलं चालू देत न्हाई. म्हनतो, पानी बघितलं का? मग सही.”

मी हूं म्हणालो आणि बाहेर बघत बसलो. ते बोलणं आपल्याला लागू आहे असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

चार तासांनी रायपेठ आलं. रुग्णालयात चार खिडक्या होत्या आणि कोणती कशाची ते कुठं लिहिलेलं नव्हतं. पहिल्या खिडकीवर केसपेपरसाठी पाऊण तास गेला. दुसरीवर सांगितलं, जुना केसपेपर आहे ना, मग नवा कशाला काढलात? तिसरीवरच्या बाईंनी माझी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, शेजारणीला दाखवली आणि म्हणाल्या, “देवसरचे का? बसा तिकडं.” माझं अक्षर त्यांना लागलं नव्हतं. माझ्या सहीखाली माझं नाव नव्हतं, फोन नव्हता, पेशंटचं गाव नव्हतं. ती चिठ्ठी अशी दुसऱ्याच्या हातात मी पहिल्यांदाच बघत होतो.

दीड वाजता आत बोलावलं. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टर काझी मॅडम पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी पडद्याआड चंद्रकलाबाईंना सावकाश तपासलं, मधूनमधून “दुखतंय का ग?” विचारत. हात धुऊन खुर्चीत बसल्या, चिठ्ठी वाचली आणि सोबतच्या लॅब रिपोर्टवरचं डॉक्टरांचं नाव बघितलं.

“तुम्ही कोण ह्यांचे?”

“भाऊ.”

“मग देवसरला परत गेलात की त्या औंढेकर डॉक्टरांना माझा निरोप द्या. म्हणावं, ‘पुढील उपचारासाठी रवाना’ ह्या तीन शब्दांनी कॅन्सर बरा होत नाही. ही गाठ सात आठवड्यांपूर्वी सरळ काढता आली असती. आता आधी औषधं देऊन ती लहान करावी लागेल, मग ऑपरेशन. सात आठवडे फुकट गेले.”

आश्रुबा माझ्याकडे बघत होते.

“मीच औंढेकर,” मी म्हणालो.

मला वाटलं, त्या ओशाळतील. त्या ओशाळल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी मला नीट बघून घेतलं.

“बरं झालं आलात. ठोकळा आणलाय?”

मी डबी टेबलावर ठेवली. आणि मग मी मनात घोळवून ठेवलेलं सगळं बोललो. ढाकणे नवरा-बायकोच्या दोन खेपा, पंचायत समितीच्या चार चकरा, तो दाखला. आश्रुबांनी तो पिशवीतून परत काढून दाखवला. काझी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंना आत बोलावलं.

“ब्लॉक आणा असं सांगता ना पेशंटला?”

“हो मॅडम. सगळ्यांना सांगते.”

“ब्लॉक म्हणजे काय असतं?”

त्या बाईंनी जरा विचार केला. “ते मला नाही माहीत, मॅडम. यादीत लिहिलेलं आहे, म्हणून सांगते.”

“बरं. जा तुम्ही.”

“ही यादी मी केली,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी.” चंद्रकलाबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, “बाई, आमचं चुकलं. तुम्ही परवा भरती व्हा. तुमच्यासाठी खाट धरून ठेवते.”

दोघांना त्यांनी पुढच्या तपासण्यांना पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. कपाटातून एक नोंदवही काढली.

“तुमच्याकडून आलेले पेशंट. तीन वर्षांत अडुसष्ट. पूर्ण उपचार झाले एकवीस जणांचे. एकोणीस जण एकदाच आले. बाकीचे मधेच सुटले.”

“शक्य नाही.”

“नावं वाचा.”

मी वाचू लागलो. बरीचशी नावं आठवत नव्हती, हे आणखी वाईट होतं. दुसऱ्या पानावर एक नाव आलं आणि मला हायसं वाटलं. निलावती देशमाने. बोरसावळीच्या प्राथमिक शिक्षिका. २००३ सालच्या जुलैत मी त्यांचं स्तनाचं ऑपरेशन केलं होतं. ते इतकं नेटकं झालं होतं की नवीन आलेल्या डॉक्टरांना मी अजून त्याचं वर्णन करून सांगायचो. डिस्चार्जच्या दिवशी बाईंनी वॉर्डात पेढे वाटले होते. पुढच्या शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, मी त्यांना रायपेठची चिठ्ठी दिली होती.

“ह्या बऱ्या आहेत,” मी म्हणालो. “निदान ह्यांचं तरी…”

“एकदाच आल्या. सप्टेंबरात. तेव्हा आमचं एकच मशीन होतं, आठ-नऊ आठवड्यांचं वेटिंग. तारीख कळवतो म्हणून सांगितलं होतं.” त्यांनी बोट सरकवलं. “कळवली. त्या आल्या नाहीत. बऱ्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मला कुणीही सांगितलं नव्हतं.

“कळवलीत ती कशी?”

“पत्रानं.”

“कुठल्या पत्त्यावर?”

“तुमच्या रुग्णालयाच्या. तुमच्या चिठ्ठीवर त्यांच्या घरचा पत्ता नव्हता, आमच्याकडच्या नोंदीत तोच उतरला. अशी अकरा पत्रं पाठवली आम्ही तुमच्याकडे. एकाचंही उत्तर नाही. शेवटी मी नाद सोडला.” त्यांनी नोंदवही मिटली. “सोडायला नको होता.”

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. तक्रारीचा विचार कुठल्या कुठं गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सोनकांबळे सिस्टर आवक-जावकच्या खोलीत गेलो. लिपिक सज्जन माणूस होता. ज्या पत्रावर कुणा अधिकाऱ्याचं नाव नसेल, ते तो नोंदवून घ्यायचा आणि एका फाईलला लावायचा. फाईलवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘संकीर्ण’. फर्निचर रंगवण्याची दरपत्रकं, कुठल्याशा शिबिराची निमंत्रणं, आणि मधूनमधून रायपेठची पाकिटं. अकराच्या अकरा. सगळ्यांवर आवक क्रमांक होता. एकही फोडलेलं नव्हतं.

आम्ही ती एकेक करून फोडली. सातवं पत्र देशमाने बाईंचं होतं. दि. १८ नोव्हेंबर रोजी सकाळी नऊ वाजता शेकासाठी उपस्थित राहावे, सोबत एक नातेवाईक आणावा. पाच आठवडे राहण्याची सोय रुग्णालयाच्या धर्मशाळेत केली आहे.

“सिस्टर, बोरसावळीला निरोप पाठवा. बाईंना बोलवून घ्या.”

“देशमाने बाई गेल्या, सर. मागच्या वर्षी मार्चमध्ये. दुखणं परत उलटलं, मग फार दिवस नाही काढले. तिथली नर्स माझ्या बॅचची आहे.”

“मला सांगितलं नाहीत?”

“सांगायला आले होते. तेव्हा तुम्ही नवीन डॉक्टरांना त्यांच्याच ऑपरेशनचं समजावून सांगत होता.” सिस्टरनी पाकिटं गोळा केली. “मी परत गेले. माझंही चुकलंच.”

पुढच्या महिन्यात पहिली बैठक झाली. कल्पना काझी मॅडमची, पण त्यासाठी धावपळ केली सिस्टरनी. जागा नर्सिंग शाळेचा वर्ग, वार गुरुवार. देवसरचे आम्ही सर्जन, स्त्रीरोगवाल्या मॅडम, दातांचे डॉक्टर, लॅबचे डॉक्टर पिंपळखरे, गावातले दोन खासगी सर्जन. रायपेठहून काझी मॅडम आणि त्यांची एक सहकारी, चार तासांचा प्रवास करून. प्रत्येकानं आपला एक सुटलेला पेशंट मांडायचा असं ठरलं होतं. सुरुवात माझ्यापासून.

मी देशमाने बाईंची केस मांडली. गाठ केवढी होती, ऑपरेशन कसं केलं, चिठ्ठी कधी दिली, रायपेठला वेटिंग किती होतं. “पुढे त्या शेकासाठी गेल्या नाहीत. सोळा महिन्यांनी मृत्यू.” एवढं बोलून मी खाली बसलो.

पत्राबद्दल मी बोललो नाही.

ठरवून लपवलं असं म्हणणार नाही. तोंडाशी आलं होतं. समोर माझ्याच हाताखाली शिकलेले दोघं बसले होते आणि शब्द बाहेर पडले नाहीत.

“म्हणजे नऊ आठवडे वेटिंग!” खासगी सर्जनांपैकी एक म्हणाले. “मग आम्ही कशाला पाठवायचे पेशंट तिकडं? मरायला?”

सगळ्यांच्या नजरा काझी मॅडमकडे वळल्या. त्यांच्यापुढं त्यांची जावक नोंदवही होती. पाठवलेल्या पत्राची तारीख त्यात होती. त्यांनी वही उघडली नाही. म्हणाल्या, “वेटिंग होतं. ती आमची उणीव आहे.”

आणखी दोघांनी आपापल्या केस वरवर सांगितल्या. मग चहा झाला. जाताना कुणी म्हणालं नाही, पुढच्या गुरुवारी भेटू. सिस्टर कप गोळा करत होत्या. माझ्या हातातला कप त्यांनी माझ्याकडे न बघता घेतला.

चार दिवस ते मला काही सुचू देईना. पाचव्या दिवशी मी रायपेठला फोन केला. मॅडमनी त्यांच्या टेबलावरचा थेट नंबर आता दिला होता.

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुमच्या वर्गात, तुमच्याच माणसांपुढं? मी ती वही उघडली असती तर भांडण झालं असतं आणि बैठका तिथंच संपल्या असत्या.”

“तशाही संपल्यातच जमा आहेत.”

“मी बोलून त्या वाचल्या नसत्या, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोललात तर बघा.”

दुसऱ्या बैठकीला फक्त सहा जण आले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मागच्या वेळी मी केस अर्धी सांगितली. मग ते पत्र आवक क्रमांकासकट वाचून दाखवलं. सांगितलं, की हे माझ्या रुग्णालयात सव्वादोन वर्षं पडून होतं. ते इथं आलं कारण माझ्या चिठ्ठीवर पेशंटचा पत्ता नव्हता. आणि बाई शेकाला गेल्या की नाही हे मी एकदाही विचारलं नाही. रायपेठनं आपलं काम केलं होतं.

मी बसलो. 

मग डॉक्टर पिंपळखरे खाकरले. ते निवृत्तीला आलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. “माझ्या कपाटात,” ते म्हणाले, “सत्तर-ऐंशी ठोकळे आहेत. न नेलेले. मला वाटायचं, लागले तर नेतील. उद्या नावांची यादी करतो.” स्त्रीरोगवाल्या मॅडमनी एका बाईचं नाव घेतलं आणि तिची केस सुरुवातीपासून सांगितली. त्या दिवशीची बैठक संपायला संध्याकाळ झाली. निघताना त्या खासगी सर्जननी काझी मॅडमना विचारलं, “पुढचा गुरुवार कितीला?”

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही. नुसत्या चिठ्ठीऐवजी एक छापील कागद आला, त्यावर पेशंटचा पूर्ण पत्ता आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचता येईल असं. ठोकळा पेशंटच्या हातात, डबीवर मराठीत लिहून: ‘हा तुमच्या तपासणीचा मेणाचा ठोकळा आहे. सांभाळा. पहिल्या खिडकीवर द्या.’ सोनकांबळे सिस्टरना ओपीडीतून काढून एक टेबल, एक फोन आणि एवढंच काम दिलं: पाठवलेला माणूस तिथं पोचला का, त्याचे उपचार सुरू झाले का, पुरे झाले का, हे बघायचं. त्या टेबलाच्या मंजुरीला सात महिने लागले. तोवर त्यांनी ते काम मेणबत्त्या आणि तुटक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत बसून केलं. रायपेठच्या दोन नर्स येऊन आमच्या चौघी नर्सना कॅन्सरची औषधं द्यायला शिकवून गेल्या आणि त्याच खोलीत पुढं चार खाटा पडल्या. औषधाचा पुढचा डोस घ्यायला लोकांना रायपेठला जावं लागेना.

चंद्रकलाबाईंचे पहिले दोन डोस रायपेठला झाले, उरलेले चार आमच्याकडे. त्यांचं ऑपरेशन मी केलं, पण ते कसं करायचं हे आम्ही सगळ्यांनी गुरुवारी बसून ठरवलं होतं. शेकासाठी त्या पाच आठवडे धर्मशाळेत राहिल्या. पुढच्या जूनमध्ये त्या पुन्हा खिचडी शिजवायला लागल्या. अजून आहेत. अलीकडे भेटल्या तेव्हा कॅन्सरबद्दल एक शब्द नाही. गुडघ्यांचंच रडगाणं चाललं होतं. सगळेच वाचले नाहीत. पण मी निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही पाठवलेल्या शंभरातल्या सत्याऐंशी जणांचे उपचार पुरे झाले होते, आणि उरलेल्या तेरा जणांचं काय झालं हे प्रत्येकाच्या नावासमोर लिहिलेलं होतं.

हे झालं सगळं पुढचं. दुसऱ्या बैठकीनंतरच्या रविवारी मी बोरसावळीला गेलो.

सिस्टर म्हणाल्या होत्या, मी येते बरोबर. मी नको म्हणालो. देशमाने बाईंच्या घरच्यांना कुणीतरी खरं काय ते सांगायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. वाटेत दोनदा वाटलं की नुसतं भेटून यावं, पत्र खिशातच राहू द्यावं. गेलेलं माणूस काही परत येणार नव्हतं.

गावात घर विचारलं. एकानं बोट दाखवलं. “पोस्टाचं घर ना? ते काय, लाल पाटी.”

घराच्या पुढच्या खोलीवर पाटी होती: शाखा डाकघर, बोरसावळी. आत एक टेबल, तराजू, तारखेचा शिक्का, भिंतीला लावलेली कॅनव्हासची थैली. बाईंचे यजमान बाहेर आले. सडपातळ, पांढरे केस नीट विंचरलेले. बाईंचे यजमान गावचे पोस्टमास्तर आहेत हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि लगबगीनं खुर्ची पुसली.

“डॉक्टरसाहेब! तुम्ही इथवर? ही फार नाव घ्यायची तुमचं. म्हणायची, टाके कुठं घातलेत ते बघूनही कळत नाही.”

त्यांनी पाणी आणलं. मी ते प्यालो नाही. मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि ते कुठं सापडलं, किती दिवस पडून होतं, का पडून होतं, हे सगळं सरळ सांगितलं. कुणा लिपिकाचं नाव घेतलं नाही. “हे पत्र तुमच्याकडे यायला हवं होतं. माझ्या हलगर्जीपणामुळं आलं नाही,” मी म्हणालो.

त्यांनी लगेच पत्र बाहेर काढलं नाही. आधी पाकीट उजेडाकडे धरून त्यावरचे शिक्के बघितले.

“रायपेठ, बावीस सप्टेंबर,” ते वाचत म्हणाले. पाकीट उलटं केलं. “देवसर, चोवीस. दोन दिवसांत पोचलंय.”

“हो.”

“ती वाचली असती का, डॉक्टर?”

“सांगता येत नाही. रायपेठच्या मॅडमही तसं म्हणत नाहीत. पण दुखणं परत उलटण्याचा धोका पुष्कळ कमी झाला असता.”

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ते त्या थैलीकडे बघत राहिले.

“रोज सकाळी थैली मीच फोडायचो,” ते म्हणाले. “ती शाळेला निघताना इथं दारात थांबायची. विचारायची नाही काही. मी सगळी पत्रं चाळायचो आणि मान हलवायचो. मग जायची. दिवाळीपर्यंत थांबत होती रोज. पुढं पुढं मीच म्हणालो, अगं, जरूर नसेल शेकाची, म्हणून नाही बोलावत. नाहीतर कळवलं असतं त्यांनी.”



त्यांनी चष्मा लावला, पाकिटातून कागद काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू वाचला. तारखेशी थांबले. बोटावर काहीतरी मोजलं.

“अठरा नोव्हेंबर. मंगळवार होता,” ते म्हणाले. “त्या दिवशी आम्ही घरीच होतो.”